पानात की पाण्यात

म्हाळसाला एक शब्द धुवायला एक उन्हाळा पुरला. त्या शब्दावर सांडलेलं हसू मात्र हात सोलेपर्यंत चोळलं तरी निघालं नाही.

शब्द साधाच, दिवसातून चारदा तोंडात येणारा. पाणी. निमगाव केतकीत तिच्या घरी त्याला पानी म्हणायचे. मळ्याला पानी, गुरांना पानी, दारात पाव्हणा आला की आधी पानी आणि मग बाकीचं. तिच्या बापाचा, दत्तोबाचा, पानमळा होता, विड्याच्या पानांचा. शेवरीच्या झाडांच्या दाट सावलीत वेली वर चढायच्या, आणि खाली वाफ्यावाफ्यातून पानी झुळझुळत जायचं. पानाला पानी. घरात दोन्ही शब्द एकमेकांच्या कडेवर बसूनच वाढलेले. त्यांची फारकत करावी असं कुणाला कधी वाटलंच नव्हतं.

ती फारकत झाली बारामतीच्या कॉलेजात, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला.

सेमिनार होता. म्हाळसानं विषय घेतला होता रेणूचा. म्हणजे असा रेणू, की ज्याच्यावर उजेड पडला की तो डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आत आपलं अंगच बदलतो. आणि कसं बदलायचं हे एकटा ठरवत नाही. ज्या द्रावकात, ज्या पातळ पदार्थात तो विरघळलेला असतो, तो द्रावक ठरवतो. हे वाचलं तेव्हा तिला झोप लागली नव्हती. दगडासारखी वाटणारी रसायनाची पुस्तकं, आणि त्यात हे असं नाजूक काही लपून बसलेलं. तिनं ते मनापासून तयार केलं. इंग्रजीत वाचून दाखवलं, तेही अडखळत का होईना पण धडपणे. मग सर म्हणाले, "आता हेच मराठीत समजावून सांग बरं. समजलंय का बघू."

तिला आनंद झाला. मराठीत तर ती नदीसारखी बोलायची. तिनं सांगितलं, टोल्युइनमध्ये हा रेणू निळा उजळतो, अल्कोहोलमध्ये पिवळा उजळतो, आणि पान्यात गेला की विझतो.

मागच्या बाकावरून वर्गातला ऋषिराज म्हणाला, "पानात?"

तो उठून उभा राहिला, अगदी शंका विचारणाऱ्या विद्यार्थ्यासारखा, हात मागं बांधून. "सर, माझी शंका आहे. रेणू पानात विझतो की पाण्यात? पानात असेल तर निमगावचं पान घ्यायचं का? आणि चुना-कात आधी लावायचा की नंतर?"

हॉल फुटला. दत्तोबाचा पानमळा सगळ्यांना माहीत होता. तिनंच कौतुकानं एकदा पानं आणून वाटली होती. पुढं बसलेल्या सरांनी रुमाल तोंडाला लावला, पण त्यांचे खांदे हलत होते ते तिला दिसले. फळ्यावर तिनं काढलेला रेणू तसाच राहिला, अर्धा वळलेला.

त्या दिवसापासून ती पानवाली झाली. मेसमध्ये "पानवाली, एक मसाला लाव." प्रयोगशाळेत "पानवाली, जरा पाणी दे, पान नको." वर्षभर.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मळ्यात बसायची आणि जीभ मागं दुमडून पानांना शब्द म्हणून दाखवायची. लोणी. वेणी. बाण. पाणी. बनाबाई, तिची आई, पानं खुडत होती. ती थांबली.

"काय गं, मंतर म्हंतीस का?"

"ण म्हंती, आये."

"त्यो आनि काय करतुया?"

"मला नीट येत न्हाय म्हणून हसत्यात."

बनाबाईनं सगळं विचारून घेतलं. कोण हसला, कसा हसला, कुठल्या गावचा. वडगाव निंबाळकरचा, उसाच्या मोठ्या बागायतदाराचा, चुलते कारखान्यात. ऐकून तिनं मान डोलावली, पुन्हा वेलीकडं वळली आणि खुडता खुडता गाऊ लागली. बनाबाईला ओवी सुचायची ती अशीच, हात चालू असताना.

*बोलानं बोल मारी, बोल कुसळाचा काटा*
*उघड्या डोळ्याला दिसंना, पर आडवितो वाटा*

मग न गाता, साध्या आवाजात म्हणाली, "काटा काट्यानंच निघतुया, बाय. पर त्यासाठी दुसरा काटा जपून ठिवावा लागतो."

म्हाळसानं जपून ठेवला.

ती शिकली. पुण्याला गेली, पीएच.डी. केली, त्याच वळणाऱ्या रेणूंवर केली. परत आली ती बारामतीच्या त्याच कॉलेजात, प्राध्यापक होऊन. सरकारी योजनेतून तिनं एक यंत्र मिळवलं, रेणूनं सोडलेला उजेड मोजणारं. आसपासच्या चार तालुक्यांत तसं दुसरं नव्हतं. आणि तिचा ण असा स्वच्छ झाला होता की नवी मुलं विचारायची, "मॅडम, तुम्ही मूळच्या पुण्याच्या का?"

वर्गात ती हा विषय शिकवायची तेव्हा मुलं बाकावर पुढं सरकून बसायची. ती म्हणायची, या रेणूला दोन टोकं आहेत. एक टोक देणारं, एक घेणारं. अंधारात दोन्ही एका पातळीत पडून असतात, चटईसारखी सपाट. उजेड पडला की देणाऱ्या टोकाकडचा भार घेणाऱ्याकडं धावतो. ही उद्दीपित अवस्था. आता शेजारी कोण आहे बघा. टोल्युइन असेल तर शेजारी आपल्या कामात. कुणी विचारत नाही, कुणी वळत नाही. रेणू सपाट राहतो आणि निळा उजेड देतो. अल्कोहोल असेल तर शेजारी लगेच त्याच्याकडं तोंड वळवतात, भोवती गोळा होतात, धावलेल्या भाराला धरून ठेवतात. मग देणारं टोक अंग मुरडतं, काटकोनात आडवं फिरतं. उजेड पिवळा पडतो. आणि पाण्यात शेजारी इतके अंगाशी येतात, असे हात धरतात, की घेतलेला उजेड रेणू नुसती ऊब करून सोडून देतो. दिसत काहीच नाही.

"म्हणजे मेला का मॅडम?" एकदा प्रगती नावाच्या मुलीनं विचारलं.

"मेला नाही. गप्प बसला," म्हाळसा म्हणाली.

आणि एक दिवस तिच्या दारात ऋषिराज उभा राहिला.

तो आता इंदापूरच्या एका कॉलेजात नोकरीला होता. पुढच्या बढतीला पीएच.डी. लागणार होती, मुदत दोनदा वाढवून झाली होती, आणि विषय काय, तर असलाच एक रेणू. बारामतीच्या यंत्राशिवाय त्याचं पान हलणार नव्हतं.

"डॉक्टर मॅडम," तो म्हणाला, "ओळख आहे ना?"

"आहे," म्हाळसा म्हणाली. "बसा."

तो सुटला होता, केस मागं सरले होते, बोलणं मात्र तसंच गुळगुळीत, प्रत्येक ण जागच्या जागी. जुन्या दिवसांविषयी तो अवाक्षर बोलला नाही. तिनंही काढलं नाही. ती त्याला चांगलं पाण्यात पाहत होती, पण वरून तरंग उठू देत नव्हती.

तो इंदापुरातून गाडीनं यायचा, बाटल्या आणायचा, ती यंत्रात लावायची, कागद त्याच्या हातात द्यायची. त्याचा रेणू अल्कोहोलमध्ये दोन उजेड द्यायचा, एक निळा आणि एक पिवळा. ऋषिराजचं म्हणणं, दुसरा उजेड जोडीचा. दोन रेणू एकमेकांना चिकटतात आणि जोडीनं उजळतात. म्हाळसाला पहिल्या दिवशीच वाटलं होतं की जोडी-बिडी काही नाही, एकच रेणू अंग मुरडतोय. पण तिला कुणी विचारलं नव्हतं. न विचारलेलं सांगायचं नाही, हे तिला त्याच हॉलनं शिकवलं होतं.

मग काही आठवड्यांनी त्याचे आकडे बिघडू लागले. पिवळा उजेड तांबूस झाला, मंद झाला. ऋषिराज उलट खूश. "बघा मॅडम, जोड्या वाढल्या. नवंच प्रकरण झालं. यावर अख्खा भाग लिहितो."

हल्ली तो अल्कोहोलची सीलबंद बाटली आणत नव्हता. पांढरा कॅन आणायचा. त्या दिवशी म्हाळसानं झाकण फिरवलं आणि नाकाला ओळखीचा वास आला. अगदी पुसट. मळीचा. साखर कारखान्यावरून एसटी जाते तेव्हा खिडकीतून येतो तो.

"हे अल्कोहोल कुठलं?"

"आपल्याकडचंच," तो अभिमानानं म्हणाला. "काका कारखान्याच्या डिस्टिलरीला आहेत. बाटलीतलं कशाला घ्यायचं विकत? हे तर शंभर नंबरी आहे. आमच्या उसाचं."

आमच्या उसाचं. म्हाळसानं झाकण हळूच परत लावलं. भट्टीतून कितीदाही काढा, त्या अल्कोहोलमध्ये थोडं पाणी राहतंच. दोघांची मिठी अशी, की नुसत्या उष्णतेनं सुटत नाही. ती सोडवायची तर त्यात दुसरं काहीतरी घालावं लागतं जे पाणी पिऊन घेईल. काय घालतात? पूर्वीपासून घालतात तो कळीचा चुना.

चुना.

चुना आधी लावायचा की नंतर, असं यानंच विचारलं होतं. म्हाळसाला हसू आलं. आवरता आवरलं नाही. तिनं पाठ फिरवली, यंत्राचं झाकण उघडलं, आणि वळली तेव्हा चेहरा कोरडा होता.

"आकडे छान आलेत," ती म्हणाली. "लिहा."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. आकडे होते तसे आले होते. फक्त ते जोडीविषयी काही सांगत नव्हते. ते सांगत होते की या अल्कोहोलात पाणी आहे, आणि पाण्याच्या गर्दीत रेणू जास्तच मुरडतोय आणि विझत चाललाय. एक वाक्य पुरलं असतं. तिनं ते गिळलं, आणि घशाखाली जाताना ते गोड लागलं.

रविवारी ती निमगावला गेली. मळ्यात आई-आबा टोपल्या भरत होते, पानावर पान रचून, मध्ये ओला फडका.

"आये," ती बसत म्हणाली, "काटा सापडला."

बनाबाईचे हात थांबले. "त्याच पायातला?"

"त्याच पायातला. आपल्या हातानं रुतवून घेतलाय त्यानं."

"मग दाबलास का?"

"अजून न्हाय. इंदापुरात त्येची शेवटची परीक्षा हाय, सगळ्यांच्या म्होरं. कुणीबी उठून सवाल इच्यारू शकतं. तितं दाबनार."

बनाबाईच्या चेहऱ्यावर उन्हाची तिरीप यावी तसं काहीतरी आलं. दत्तोबा मात्र पान उलटंपालटं करत बसला होता. त्यानं एक पान बाजूला फेकलं.

"म्हाळसे, ह्ये बघ. कोपऱ्यावर बारका डाग हाय. आसंच टोपलीत ठिवलं तर उद्या शेजारचं, परवा सगळी टोपली. तुला ठाव हाय त्येची चूक, तर सांगून टाक आनि मोकळी हो."

"आबा, तुमी त्या सभेत न्हवता."

"न्हवतो."

"मग पानं लावा."

दत्तोबानं पुढचं पान उचललं. त्याला लेकीचा राग आला नाही, भीती वाटली. आणि ती त्यानं ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली.

परीक्षेचा दिवस आला. इंदापूरच्या कॉलेजचा हॉल फुलून गेला होता. वडगाव निंबाळकरहून एक गाडी भरून माणसं आली होती. फेटा बांधलेले काका पहिल्या रांगेत, मांडीवर पेढ्यांचा खोका. ऋषिराजची बायको श्रेया पैठणी नेसून, शेजारी त्यांची चिमुरडी छकुली, हातात हार सांभाळत बसलेली. निकाल लागल्यातच जमा होता. बाहेरून आलेले परीक्षक, विदर्भाकडचे एक पांढऱ्या केसांचे सर, मंचावर बसून पानं चाळत होते.

ऋषिराज बोलला ते देखणं बोलला. इंग्रजी कडक, पडद्यावर रंगीत चित्रं, दोन रेणू एकमेकांना बिलगलेले. टाळ्या झाल्या. परीक्षकांनी दोन-चार प्रश्न विचारले, त्यानं ते टोलवले. मग मंचावरून आवाज आला, "सभागृहातून कुणाला काही विचारायचंय? मराठीत विचारलं तरी चालेल."

हा प्रश्न सहसा रिवाजापुरता असतो. लोक घड्याळ बघतात. म्हाळसा उठली.

"मी बारामतीहून आले. मोजमाप माझ्याच यंत्रावर झालंय, म्हणून विचारते. दुसरा उजेड जोडीचा आहे, असं तुमचं म्हणणं?"

"हो मॅडम."

"जोडीचा असेल तर द्रावण पातळ केल्यावर जोड्या मोडायला हव्यात. गर्दी कमी झाली की कोण कुणाला चिकटणार? मग दुसरा उजेडही कमी व्हायला हवा. पातळ करून पाहिलंत?"

ऋषिराजनं पडद्याकडं पाहिलं, जणू उत्तर तिथं असेल. "ते... पुढच्या कामात करायचं ठरवलंय."

परीक्षकांनी चष्मा वर केला. पान चाळायचं थांबलं.

"बरं," म्हाळसा म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं जीभ जी मागं दुमडायला शिकवली होती, ती तिनं मोकळी सोडली. सरळ. दातांमागं. "मग एवढंच सांगा. तुमच्या अल्कोहोलात पानी किती व्हतं?"

हॉलमध्ये कुठंतरी पोरं खुसखुसली. मंचावरचे सर मायेनं हसले. "मॅडम, पाणी म्हणायचंय ना आपल्याला?"

"मला जे म्हणायचंय तेच म्हणाले, सर. माझा न कुणाला खटकत असेल तर खटकू दे. रेणूला न-ण कळत नाही, पण थेंबभर पानी कळतं. ह्यांनी निम्मी मोजमापं बाटलीतल्या अल्कोहोलात केली आणि निम्मी कॅनमधल्या. त्यात पानी किती, ते मोजलं का?"

ऋषिराज तिच्याकडं बघत राहिला. पानी हा शब्द त्याच्यापर्यंत पोचला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग खाली उतरताना तिला दिसला. त्यानं काकांकडं पाहिलं.

"ते कारखान्याचं होतं," तो म्हणाला. "शंभर नंबरी..."

"वास मळीचा होता."

"पण... काकांनी सांगितलं..."

"रेणूनं काय सांगितलं ते विचारते मी."

आणि मग भर हॉलमध्ये, पैठणी आणि फेट्यांसमोर, ऋषिराजच्या तोंडून निघालं, "न्हाय. पानी किती व्हतं त्ये न्हाय मोजलं."

हे त्याचं त्यालाच कळायच्या आत निघालं. मागच्या बाकांवर हशा उसळला. त्याच्याच कॉलेजची पोरं, त्याच्याच वर्गातली. कुणीतरी म्हणालं, "सर, पानी का पाणी?" हॉल पुन्हा फुटला.

म्हाळसा उभीच होती. तिनं तो हशा कानात भरून घेतला. तोच हशा होता, तसाच, मागून सुरू होऊन पुढं सरकणारा; फक्त या वेळी तो तिच्या डोक्यावरून दुसऱ्या कुणावर जाऊन आदळत होता. खोटं कशाला बोला, तिला गोड लागलं. कासऱ्याला हिसका बसावा आणि मुजोर बैल जागच्या जागी थांबावा तसं आतलं काहीतरी थांबलं. काकांनी पेढ्यांच्या खोक्यावर उपरणं टाकलं, तेही तिनं डोळे भरून पाहिलं.

परीक्षकांनी ऋषिराजच्या मार्गदर्शकांशी दार लावून चर्चा केली आणि बाहेर येऊन सांगितलं, तो अख्खा भाग नव्यानं करावा लागेल. कोरडं अल्कोहोल घ्यावं, द्रावण पातळ करून पाहावं, मग पुन्हा परीक्षा. म्हणजे निदान एक हंगाम गेला. आणि बढती, ती तर गेलीच.

पायऱ्या उतरताना श्रेया आडवी आली. हातात पेढ्यांचा खोका. डोळे कोरडे, पण कडा लाल.

"घ्या मॅडम. आणलेत तर वाटायलाच पाहिजेत."

तिच्या आवाजात शिवी होती, नीट घडी करून ठेवलेली. पदराआडून छकुली म्हाळसाकडं टक लावून बघत होती. दुसरी कुणी असती तर नको म्हणून निघून गेली असती. म्हाळसानं पेढा घेतला, तिथंच उभं राहून खाल्ला.

"छान आहेत," ती म्हणाली, आणि दुसरा मागून घेतला.

आठवडा उलटायच्या आत ऋषिराज पुन्हा बारामतीला आला. येणारच होता. यंत्र दुसरं नव्हतं. या वेळी त्याच्या हातात सीलबंद बाटली होती, आणि तो दारातच थांबला, चप्पल काढावी की नाही अशा विचारात. शेवटी त्यानं काढली.

"तुम्हाला कॅन उघडला त्या दिवशीच कळलं होतं," स्टुलावर बसत तो म्हणाला.

"हो."

"मला माहीत होतं."

आता तिनं वळून पाहिलं.

"तुम्ही हसला होता," तो म्हणाला. "पाठ केली होती, पण यंत्राच्या काचेत दिसलं. काहीतरी चुकलंय हे तेव्हाच समजलं. काय, ते समजलं नाही."

"मग विचारायचं."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं?"

"न्हाय."

"म्हणून न्हाय विचारलं." तो बाटलीच्या सीलशी चाळा करत राहिला. मग खाली बघत, गुळगुळीतपणा सोडून म्हणाला, "वडगावात आमी बी पानीच म्हणायचो. पाचवीत मला पुण्याच्या हॉस्टेलला टाकलं. तितं पोरांनी दोन वर्षं माझा असा पिट्ट्या पाडला, की रात्री उशीत तोंड घालून ण घोकायचो. तुमी त्या दिवशी पान्यात म्हणाला. वाटलं, आता वर्गाला माझं बी कळंल. म्हणून आधी म्याच हसलो."

म्हाळसाला उन्हाळ्यातला मळा आठवला, पानांना शब्द म्हणून दाखवणारी आपली जीभ आठवली. तो सांगत होता ते खरं होतं. तिला ते पुरतं समजलं. पण समजलं म्हणून हलकं झालं नाही; उलट वाटलं, हा माझ्याच वाटेनं आला होता, वाटेवरचा काटा याला ठाऊक होता, आणि यानं तो उचलून माझ्या पायाखाली ठेवला.

"माफ करा," तो म्हणाला.

"माफी तुमची खरी असंल," म्हाळसा म्हणाली. "पर ती माझ्यात विरघळत न्हाय. मी लई ढवळून बघितलं."

"मग यंत्र?"

"यंत्र सरकारचं हाय. ते मिळंल. शिकवीन बी, नीट शिकवीन, हातचं न राखता. रोज यायचं, रोज माझ्यासमोर बसायचं, आनि तुमचं म्हणणं कसं खोटं हाय ते तुमच्याच डोळ्यांनी बघायचं."

त्यानं मान हलवली. तिनं सील फोडलं, रेणू विरघळवला, काचेच्या चौकोनी नळीत भरून दिव्याखाली धरला. निळा उजेड आला आणि त्याच्या पोटातून पिवळा, स्वच्छ, पिकत्या लिंबासारखा. तांबूसपणाचा मागमूस नाही.

"आता पातळ करा," ती म्हणाली.

त्यानं पातळ केलं. तिनं मोजलं. अजून पातळ. पुन्हा मोजलं. उजेड फिका होत गेला, पण दोन्ही रंग बरोबरीनं फिके झाले. निळ्याला पिवळ्याची संगत जेवढी आधी होती तेवढीच राहिली. जोडी नव्हती. एकटाच रेणू होता, शेजाऱ्यांच्या ओढीनं अंग मुरडून उभा राहिलेला.

ऋषिराज पडद्यावरच्या रेघेकडं बघत राहिला. त्याची तीन वर्षं त्या रेघेखाली गाडली गेली होती.

"अजून एकदा करून बघू का?" त्यानं हळूच विचारलं.

"करा की. कितीबी करा."

म्हाळसानं फोन उचलून कॅन्टीनला लावला. बारामतीत वैरी दारात आला तरी आधी चहा विचारतात. न विचारणं ही शिवीच. ऋषिराजनं नकळत हातातली बाटली खाली ठेवली, दोघांसाठी टेबलावर जागा केली.

"रसायनशास्त्रात एक चहा पाठवा," ती फोनमध्ये म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"व्हय, आलेत पाव्हणे," म्हाळसा त्याच्याकडं बघत म्हणाली. "पर एकच पाठवा."

चहा आला. तिनं तो बशीत ओतला, फुंकर घातली, आणि त्याच्यासमोर बसून सावकाश प्यायली.